राखलेला माळ

३ ऑगस्ट

ताई,

नमस्कार. मी बरा आहे, खोकला गेला, आणि तू विणलेल्या स्वेटरची एक बाही लांब आहे. हे सगळं तू विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकलं.

पत्राचं कारण वेगळं आहे. आमच्या पाट्यांच्या दुकानात एक मोठं काम आलंय, तुमच्या अभयारण्याचं. मालक इतके खूश आहेत की आठवडाभर कुणावर खेकसलेले नाहीत. दुकानात पाय ठेवायला जागा उरलेली नाही. पत्रे भिंतीला टेकवलेत, वाळत घातलेल्या पाट्या फुटपाथवर आल्यात आणि समोरचा चष्मेवाला रोज भांडायला येतो, कारण त्याच्या दारात 'पुढे धोकादायक वळण' उभं असतं. बाण काढून झाले. 'हळू चालवा' झालं. 'प्राण्यांना खायला घालू नका' तर इतक्या वेळा काढलंय की आता स्वप्नात मीच कुणाला तरी चोरून खायला घालत असतो. मन लावून रंगवत होतो. आपल्या रानात आपली अक्षरं उभी राहणार, याचं आतून बरं वाटत होतं.

काल मजकुराचे कागद चाळताना त्यात एक पाटी सापडली. जशीच्या तशी उतरवतो:

'वरचा माळ. राखीव क्षेत्र. प्रवेश, चराई व गवतकापणी यांस सक्त मनाई.'

पांढऱ्यावर लाल.

वरचा माळ म्हणजे आपलाच ना? दुसरा कुठला मला तरी माहीत नाही. पाऊस संपल्यापासून पुढचा येईपर्यंत तुमची सगळी जनावरं त्याच गवतावर जगतात. मग गवतकापणीला मनाई कसली? तुम्हाला कुणी काही सांगितलंय का? वस्तीत कुणी साहेब येऊन गेले का? भाऊजींना विचार आणि लगेच कळव. मी त्या पाटीला अजून हात लावलेला नाही.

तुमच्याकडे फोन लागत नाही आणि टपाल जंगलाच्या गार्डच्या जीपमधून येतं, म्हणून पाकिटाला डिंक जरा सढळ हातानं लावलाय.

तुझा धाकटा


११ ऑगस्ट

धाकट्या,

डिंक कमी लाव. अर्धं पत्र पाकिटाला चिकटून बसलं, ते वाफेवर धरून सोडवावं लागलं. स्वेटरची बाही लांब नाही, तुझा तो हात आखूड आहे. आईसुद्धा म्हणायची.

पाटीचं वाचलं आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू. अरे, ती पाटी माझ्यामुळे लागतेय. यंदा वरच्या माळाची राखण आपल्या घराकडे आहे. ह्यांना गुरांमागे वेळ नाही, म्हणून राखणदार मीच. आपली पद्धत तू रंगाच्या वासात विसरला असशील, तर आठवण करून देते. गवत वाढायला लागलं की बी झडेपर्यंत माळावर कुणी पाय ठेवायचा नाही. शेळी चुकून आत गेली तरी काठावर उभं राहून हाका मारायच्या, आत शिरायचं नाही. बी झडलं की राखणदारानं पहिला भारा कापायचा, मग माळ सगळ्यांना मोकळा. या वर्षी मी काडीलासुद्धा हात लावू दिलेला नाही. मागच्या वर्षी ज्यांच्याकडे राखण होती त्यांच्या काळात निम्मी वस्ती माळावर फिरत होती, पण ते जाऊ दे.

तर मागच्या महिन्यात मोजणीचे एक साहेब आले होते. गळ्यात कॅमेरा, पायात माझ्या दोन बैलांच्या किमतीचे बूट. दारातल्या बाकावर बसले, पाणी प्यायले आणि विचारायला लागले. वरच्या माळावर कोण कोण जातं? म्हटलं, कुणी नाही. जनावरं चरतात? एकही नाही. गवत कापता? म्हटलं, हात लावायची कुणाची टाप आहे, माळ राखलाय. हे मी इतक्या ठसक्यात सांगितलं की आत झोपलेले हे उठून बाहेर आले. साहेब काठापर्यंत जाऊन आले. पायवाट दिसली नाही, कापलेली काडी दिसली नाही, शेणाचा पो दिसला नाही. भराभर लिहून घेतलं आणि जाताना 'फार छान ठेवलंय' म्हणाले. माझी मान दोन दिवस खाली आली नाही.

आणि आता त्याची पाटीच लागतेय. इतक्या वर्षांत कुणाला तरी आमच्या राखणीचं कौतुक वाटलं. तुझं पत्र मी दुपारी सगळ्यांना वाचून दाखवलं. मावशी, आपल्या वस्तीतली सगळ्यात म्हातारी, जी देवालाही नावं ठेवते, तिनंसुद्धा मान डोलावली. म्हणाली, पाटी लागली तर पलीकडच्या वाडीची गुरं तरी येणार नाहीत. गुरांना वाचता येत नाही हे तिला कोण सांगणार.

पाटी मोठी काढ. लाल रंग डोळ्यात खुपेल, हिरवा चालणार नाही का? 'सक्त' जरा कडक वाटतं. पण असू दे, राखण कडकच हवी.

ताई


१९ ऑगस्ट

ताई,

हे पत्र कुणाला वाचून दाखवू नकोस. आधी एकटी बसून वाच.

तुझं पत्र वाचताना मी हसत होतो आणि हसता हसता एका शब्दावर अडलो. तू म्हणालीस 'राखलाय'. साहेबांनी लिहिलं 'राखीव'. तुला वाटतंय दोन्ही एकच, आणि कागदावर मलाही तसंच वाटलं असतं. पण आज मजकूर तपासायला त्यांच्या ऑफिसातला कारकून आला होता. मी ब्रश धुता धुता सहज विचारल्यासारखं विचारलं, की वरच्या माळावरची ही मनाई कधी उठते. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळा ठरलो. म्हणाला, "उठते म्हणजे? राखीव म्हणजे राखीव. कायमचं."

मग त्याला बाहेरच्या टपरीवर नेऊन बसवलं आणि सगळं काढून घेतलं. नवीन व्यवस्था अशी आहे. अभयारण्याच्या आत वस्तीचे लोक जी जागा वापरतात, ती त्यांनीच सांभाळायची, तसं त्यांना लिहून मिळणार. जिथे वापर दिसला नाही ती जागा बंद. तुमची घरं, ओढा, खालची शेतं, सगळं 'वापरात' लागलंय. वरच्या माळापुढे लिहिलंय, 'वापर नाही, स्थानिकांनीच सांगितले.'

स्थानिक म्हणजे तू, ताई.

अजून वेळ गेलेली नाही. वस्तीनं अर्ज केला तर त्यांच्या एक मोठ्या अधिकारी बाई सप्टेंबर संपायच्या आत स्वतः जागा बघायला येतील. त्यांनी शेरा बदलला तर बदलला. तेव्हा माझं ऐक. वापर दाखवायचा तर तो डोळ्यांना दिसायला हवा. थोडं गवत कापा, एक पट्टा. एखादी गाय नेऊन बांधा, चार दिवस येजा करा, पायवाट पडू दे. बाईंना कापलेलं गवत दिसलं की काम झालं. राखण एक वर्ष मोडली म्हणून आभाळ कोसळत नाही.

धाकटा


२८ ऑगस्ट

धाकट्या,

एकटीनं वाच म्हणालास म्हणून गोठ्यात जाऊन वाचलं. वाचून तिथेच बसून राहिले. गाय हात चाटायला लागली तेव्हा उठले.

माझ्याच तोंडानं माळ गेला. दुसरं काय लिहू. वरचं गवत नाही तर पाऊस गेल्यावर गुरांना काय घालायचं, आणि गुरं नसली तर इथे राहून आम्ही काय करायचं? नदीकाठच्या वस्तीचं असंच झालं. आधी त्यांचं कुरण बंद झालं, मग गुरं विकली, मग हळूहळू घरांना कुलपं लागली. माझी तिथली मैत्रीण आता अभयारण्याच्या फाटकाबाहेर पर्यटकांना टोप्या विकते. भेटली की अजून गवताचंच बोलत बसते. मला तिच्या शेजारी टोप्या मांडून बसायचं नाही रे.

मी कुणापासून लपवलं नाही. गवताच्या शेडमध्ये सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की मी असं असं बोलले आणि त्याचं असं असं झालं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कुणी दिल्या नाहीत. मावशी तेवढी म्हणाली, "पण तू खोटं काय बोललीस?" जावेचं अक्षर बरं आहे, तिच्याकडून अर्ज लिहून घेतला आणि ऑफिसात दिला. बाई कधी येतील ते कळलेलं नाही.

तुझा सल्ला मात्र तुझ्यापाशीच ठेव. ह्यांना तो फार पटला. एकच पट्टा कापू म्हणतात. मी नाही म्हटलं. दाणा आत्ता कुठे दुधात आलाय, आत्ता विळा लावला तर तेवढ्या जागेला पुढच्या वर्षी टक्कल पडेल. आणि दाणा पिकलेला असता तरी मी नाहीच म्हटलं असतं. राखण माझ्याकडे आहे. माळ आपला आहे हे दाखवायला तोच मोडायचा, म्हणजे घर आपलं आहे हे पटवायला स्वतःच दार फोडायचं.

तू एवढं कर, पाटी जमेल तेवढी लांबव. एकदा ती तिथे उभी राहिली की ती उपटायची हिंमत कुणाची होणार नाही.

ताई


६ सप्टेंबर

ताई,

पाटी लांबवतोय. आधी म्हटलं पत्र्याला गंज आहे, घासावा लागेल. मग म्हटलं प्रायमर वाळत नाही. मालक म्हणाले, एवढ्या उन्हात माणूस वाळतो, तुझा प्रायमर कसा वाळत नाही? शेवटी काल आयुष्यात कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. 'प्रवेश'मधला र खाऊन टाकला. 'पवेश' लिहिलं, मुद्दाम, चांगल्या ठळक अक्षरात. म्हटलं कारकून बघेल, परत करेल, आपले आठ-दहा दिवस निघतील. कारकून आला, पाटीसमोर उभा राहिला, वाचलं, 'छान' म्हणाला आणि पाटी उचलून टेम्पोकडे निघाला. ताई, त्याला दिसलंच नाही. मलाच मागून धावत जाऊन सांगावं लागलं की साहेब, चूक आहे, पाटी परत द्या. मालकांनी सगळ्या रस्त्यासमोर माझी शोभा केली. चष्मेवाल्यानं नंबर तपासून घ्यायला बोलावलंय, फुकट.

आता पाटी पुन्हा पांढरी करून ठेवलीय. पण हे किती दिवस चालणार? मालक पुढच्या वेळी शेजारी स्टूल टाकून बसणार आहेत. म्हणून पुन्हा सांगतो, भाऊजींना पटलंय ना, मग कापू दे त्यांना. तू बघूच नकोस, डोळे मिटून घे. गवत काय, पुन्हा येईल. एकदा माळ गेला की तो काही परत यायचा नाही. नुसत्या हट्टापायी घर घालवणार आहेस का?

धाकटा


२४ सप्टेंबर

ताई,

पत्र नाही. मी रोज दुकानाच्या दारात टपालवाल्याची वाट बघतो. आता तो लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

'हट्ट' म्हणालो ते मागे घेतो. रागात लिहिलं गेलं. पण तू गप्प का आहेस हे मला कळलंय असं वाटतं. बाई येऊन गेल्या आणि नाही म्हणाल्या, हेच ना? तू सामान बांधायला घेतलं असशील आणि ते मला लिहायला तुला जड जात असेल. नको लिहूस. मी खोलीत पलंग भिंतीला सरकवून बघितला. तुम्ही दोघं ऐसपैस मावता. खिडकी रस्त्यावर उघडते, थोडा आवाज येतो, पण सवय होते. वरची फळी रिकामी केली. घरमालकांनाही विचारून ठेवलंय. गाईचं काय करायचं ते मात्र सुचत नाही.

पाटी गेली. मालक शेजारी बसून होते, बिनचूक काढावी लागली. इतकी सुबक पाटी मी आजवर काढली नसेल. रंगवताना सारखे डोळे पुसत होतो, मालकांना वाटलं थिनर चढलं.

काही का होईना, चार ओळी लिही.

धाकटा


४ ऑक्टोबर

धाकट्या,

माळ वाचला. आधी एवढं वाच, खाली बस, पाणी पी, मग पुढचं वाच.

पलंग परत जागेवर सरकव. कुणी सामान बांधलेलं नाही. तुझी दोन्ही पत्रं मिळाली होती. उत्तर दिलं नाही कारण मी तुझ्याशी बोलत नव्हते. तुझ्या भाऊजींशीही बोलत नव्हते. दोघांशी एकदम अबोला धरला की घरात किती शांतता होते, ती अनुभवायला हवी.

झालं असं. तुझं ते 'डोळे मिटून घे' ह्यांनी वाचलं आणि मनावर घेतलं. मी जावेबरोबर दिवसभर गिरणीवर गेले होते. परत आले तर गोठ्यात गाय मिटक्या मारत खात होती. वरच्या माळाच्या कच्च्या गवताचा वास काही लपत नाही. तशीच काठावर गेले. मोठ्या खडकाशेजारी दोन चादरी अंथरता येतील एवढा पट्टा साफ कापलेला. मला कुणीतरी आपलेच केस कापून नेल्यासारखं वाटलं.

राखण मोडली की राखणदारानं वस्तीला सांगायचं, ही पद्धत. मोडणारा राखणदाराचाच नवरा असला तर काय करायचं, हे मात्र कुणी ठरवून ठेवलेलं नाही. मी शेडपर्यंत गेले आणि परत आले, पुन्हा गेले आणि परत आले. मग शेवटी एकदाची जाऊन सांगून टाकलं. मावशीनं ह्यांना बोलावलं. जो कच्चा माळ कापतो त्याचा विळा शेडच्या खांबाला टांगायचा, त्या वर्षी त्यानं गवत कापायचं नाही, इतरांनी कापलेले भारे वाहायचे. ह्यांनी विळा स्वतः आणून दिला. वाद घातला नाही. घरी येताना एवढंच म्हणाले, "तुझ्यासाठीच केलं होतं." ते मला माहीत होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला होता. तुझाही त्याचसाठी आला होता.

त्यानंतर मोठ्या बाई आल्या. बरोबर कारकून, गार्ड, आणि जीपमध्ये आडवी ठेवलेली तुझी पाटी. सगळी वस्ती त्यांच्यामागून माळाकडे निघाली. काठ आला तसे आम्ही थांबलो. कुणी कुणाला सांगितलं नाही, पाय थांबतातच. बाई बोलता बोलता चार पावलं आत गेल्या आणि मागे कुणी नाही हे बघून वळल्या. आम्ही सगळे त्यांच्या बुटांकडे बघत होतो. त्या खाली बघत हळूच बाहेर आल्या.

मग त्यांना तो कापलेला पट्टा दिसला. त्यांचा चेहरा जरा खुलला. म्हणाल्या, हे बघा, इथे कुणीतरी गवत कापलंय, म्हणजे माळ वापरात आहे. कारकुनानं पेन काढलं. धाकट्या, तू सांगितलेलं सगळं तंतोतंत जमून आलं होतं. आम्ही फक्त 'हो' म्हणायचं होतं. मीसुद्धा म्हटलं असतं, खरं सांगते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात हे पुढे झाले.

"नाही बाई," म्हणाले. "ते मी चोरून कापलंय. आत्ता कापायचं नसतं."

मला वाटलं, संपलं. हातात आलेला माळ ह्यांनी खाली ठेवला. गार्डनं तर वही उघडली, अभयारण्यात चोरी म्हणून. पण बाईंनी त्याला हातानं थांबवलं आणि ह्यांना विचारलं, चोरून म्हणजे कुणापासून? ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सगळे हसले. मावशीसुद्धा हसली, तिला दात नाहीत हे पहिल्यांदा नीट दिसलं.

मग बाई एकेक विचारत गेल्या. तक्रार कुणी केली? म्हटलं, मी. शिक्षा कुणी दिली? वस्तीनं. काय दिली? विळ्याचं सांगितलं तर म्हणाल्या, दाखवा. शेडमध्ये गेल्या, खांबाला टांगलेला विळा स्वतः बघितला, गवत रचायच्या रिकाम्या माच्या बघितल्या, कोणाच्या वाट्याला कुठली ते विचारलं. परत काठावर आल्या आणि मला म्हणाल्या, मोजणीच्या साहेबांना तुम्ही नेमकं काय सांगितलं होतं, तोच शब्द सांगा.

"राखलाय," मी म्हटलं.

"कुणी?"

"आम्ही."

"कुठवर?"

"बी झडेपर्यंत. मग कापणार."

बाईंनी माळावरून एकदा नजर फिरवली. मग कारकुनाकडे वळून म्हणाल्या, "ज्या जागेचा कुणी वापरच करत नाही, तिथे चोरी कशी होईल? 'वापर नाही' खोडा." त्यानं तिथेच खोडलं. मी ती रेघ बघितली.

लेखी यायचं आहे, पण बाईंनी शब्द दिलाय. तुझी पाटी आली तशी जीपमधून परत गेली. जाताना गार्ड म्हणाला, अक्षर मात्र सुंदर आहे.

सगळे पांगल्यावर मी घरी आले आणि ह्यांना चहा करून दिला. किती दिवसांनी कप त्यांच्या हातात दिला, नाहीतर समोर आपटत होते. हे म्हणाले, साखर विसरलीस. मी म्हटलं, विसरले नाही. मग दोघंही हसलो, आणि मला इतकं हलकं वाटलं की तिथेच भिंतीला टेकून झोप लागली.

ताई


१२ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि तसाच शिडीच्या पायरीवर बसलो. मालकांनी घाबरून विचारलं, कोण गेलं? म्हटलं, कुणी नाही. कुणीच कुठे गेलं नाही मालक, तेच तर. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी अर्धी सुट्टी दिली. मी ती नुसती रस्त्यावर फिरण्यात घालवली. चष्मेवाल्यालाही सगळी गोष्ट सांगितली. तो डोळे पुसत होता, निदान तसं दाखवत तरी होता.

भाऊजींना माझा नमस्कार सांग. त्यांचा विळा माझ्या सल्ल्यामुळे गेला. माळ उघडला की मी येतो, त्यांच्या वाटणीचे निम्मे भारे मी वाहीन. मी 'कापा, कापा' म्हणत होतो, आणि माझं ऐकून तू 'हो' म्हणून बसली असतीस तर पुढच्या वर्षी कुणीतरी येऊन विचारलंच असतं की आता कुठे आहे तुमचा वापर. ते खरं बोलले म्हणून हे झालं. त्यांना असं सांगू नकोस, फुगतील.

पाटी दुकानात परत आलीय. नवा मजकूर असा: 'वरचा माळ. वस्तीने राखलेला. बी झडेपर्यंत प्रवेश नाही.' रंग हिरवा. मालक म्हणाले, हिरवा कुणी सांगितला? म्हटलं, गिऱ्हाइकाची जुनी मागणी आहे. 'प्रवेश'मधला र मी स्वतःच दोनदा तपासला.

धाकटा


२३ ऑक्टोबर

धाकट्या,

कागद आला. वरचा माळ वस्तीनं राखायचा, वस्तीनं कापायचा, नियम वस्तीचे. ऑफिसला वर्षातून एकदा कळवायचं, बाकी काही नाही. मावशीला वाचून दाखवला तर म्हणाली, यात नवीन काय आहे? तिला समजावत बसले नाही.

पुढच्या आठवड्यात माळ उघडेल असं दिसतंय. वारा सुटला की बी उडताना दिसतं. तू ये. येताना जुने कपडे आण, तुझे ते रंगाचे डाग पडलेले चालतील. भाऊजींनी तुझ्यासाठी भाऱ्याचा दोर वळून ठेवलाय, चांगला जाड. त्यांना तुझ्यावर सूड उगवायचा आहे.

आणि कालचं सांगायचं राहिलं. काल गार्ड आला, बरोबर मोठ्या ऑफिसचे पाहुणे. सगळ्यांच्या गळ्यात दुर्बिणी. तुला माहीत आहे, हा माणूस इतकी वर्षं मला रानात बघितलं की विचारायचा, कुठे चाललीस, कशाला चाललीस, टोपली दाखव. मी आपली सवयीनं टोपली पुढे केली. तर तो टोपी काढून दारात उभा, आणि म्हणतो, पाहुण्यांना वरच्या माळावरचे पक्षी जवळून बघायचेत, नेऊ का?

तो कुणाला विचारतोय हे मला कळेना. मी मागे वळून बघितलं. मागे गाय होती.

म्हणजे मलाच विचारत होता. एवढे मोठे लोक, नाही कसं म्हणायचं? पण काठाकडचं बी अजून पुरतं झडलेलं नाही. मी म्हटलं, आज नाही जमायचं, आठवड्यानं या. एक पाहुणे जरा चिडले. म्हणाले, आम्ही वरून परवानगी घेऊन आलोय, आम्हाला कोण अडवणार?

मला वाटलं, आता गार्ड मला बाजूला सारणार. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली, पाहुण्यांकडे वळला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, माळ राखलाय."

राखीव नाही म्हणाला. राखलाय म्हणाला. आणि ते सगळे माळापर्यंत गेले, पण काठावर थांबले.

तुझी ताई